मामांची मुलाखत

मामा उठले की तीन वेळा खाकरायचे. पहिलं बारीक, दुसरं जरा लांबवून, आणि तिसरं असं की पत्र्यावर बसलेली कबुतरं उडावीत. शेजारचे लोक त्यावर घड्याळ लावायचे. त्यानंतर मामा मोरीजवळच्या दगडावर बसून सूर लावायचे आणि आतून मामी म्हणायची, "झालं का, का अजून नवरदेव यायचाय?" शिरूरला नदीच्या अंगाला असलेल्या त्या दोन खोल्यांच्या घरात मी कॉलेजची तीन वर्षं काढली. रोजची सकाळ त्या तीन खाकरण्यांनीच व्हायची. कसल्याही गजराने मला इतक्या खात्रीने कधी जाग आली नाही.

मामा बँडवर गायचे. लग्नाच्या वरातीत हातगाडीवर कर्णे लावलेले असतात, मागे जनरेटर धडधडत असतो आणि लाल कोटातला एक माणूस माईक धरून उलटा चालत गात असतो, तो माणूस म्हणजे आमचे मामा. उलटं चालायचं कारण तोंड नवरदेवाकडे पाहिजे. पुढे खड्डा आहे की म्हैस, हे ढोलवाला आप्पा त्यांना ढोलाच्या ठोक्यावरून कळवायचा. बँडची माणसं त्यांना मास्तर म्हणायची. मामा गड्याचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज काढायचे. एकाच गाण्यात तो विचारतोय आणि ती लाजून उत्तर देतेय, दोन्ही मामाच. दुसऱ्या गल्लीतल्या बायका वरात बघायला धावत यायच्या, ती गाणारी बाई कोण ते बघायला.

पुढच्या खोलीत माणसांपेक्षा वाद्यांना जागा जास्त. मी मोठ्या ढोलाला उशाशी घेऊन झोपायचो आणि क्लॅरनेटच्या पेटीवर पुस्तकं मांडून अभ्यास करायचो. लग्नाची तीथ झाली की मामी पंधरा लाल कोट धुवायला काढायची. त्यांचा रंग जायचा, अंगणातून लाल पाणी वाहायचं आणि माझे पांढरे शर्ट कायम गुलाबी झाक मारायचे. लग्नसराईत मांडवातली बुंदी यायची. मामी ती दुसऱ्या दिवशी दुधात भिजवून द्यायची. सराई नसली की बाजरीची भाकरी, कांदा आणि हुलग्याचं माडगं. माडगं मामांना गळ्यासाठी लागायचं, कढीसारखं पातळ, गरम, वर मिरपूड. मामी माझ्यापुढे वाटी सरकवत म्हणायची, "तू बी घे, तुला कुठं गायचंय, पर डोकं तरी शेकंल."

मांडवगण फराट्याहून मी शिकायला आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आजा-पणजा मेंढरांमागे चालले, वडिलांनी जमीन कसली, मी डिग्री घेतली. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो, सांगताना आवाज चढतो, तर चढू दे. पण ती डिग्री घेताना भाकरी कुणाची खाल्ली हे सांगायची वेळ आली की त्या काळात माझा आवाज खाली यायचा. कॉलेजात कुणी विचारलं, मामा काय करतात, तर मी सांगायचो, "बिझनेस आहे." आमच्या गल्लीतून वरात निघाली की मी मागच्या बोळाने कॉलेजला जायचो. मामांना हे माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसांत केबल नवीन होती. माझा मित्र सुनील याच्या घरी गाण्यांचं एक चॅनल दिसायचं. त्यावर लांब केसांचे गायक घरातही काळा चष्मा लावून सोफ्यावर पसरलेले असायचे आणि कुणीतरी पोरगी त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारायची. त्यांची उत्तरं आम्हाला निम्मी कळायची, पण त्यांचा रुबाब पूर्ण कळायचा. सुनीलचे वडील बँकेत अधिकारी, त्यामुळे त्याला इंग्रजीची भीती नव्हती. त्यानेच काढलं, याची नक्कल करू. दुसऱ्या वर्षाच्या गॅदरिंगला आम्ही ती केली. तो मुलाखत घेणारा, हातात माईक म्हणून घरची बॅटरी. मी किंग टोनी, जगप्रसिद्ध पॉपस्टार. डोक्यावर काथ्याचा विग, अंगावर कुणाचंतरी रेक्झिनचं जाकीट, गळ्यात सायकलची साखळी. तो विचारायचा आणि मी इंग्रजीसारखं वाटणारं काहीही बडबडायचो. पोरं बाकांवर उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून प्राध्यापकसुद्धा मला टोनी म्हणू लागले. ते नाव मला फार आवडलं. त्या नावाला मेंढरांचा वास नव्हता आणि बँडचा आवाज नव्हता.

तिसऱ्या वर्षी आम्हाला दौंडला पाठवायचं ठरलं. तिथे आजूबाजूच्या कॉलेजांच्या स्पर्धा होत्या. सुनील म्हणाला, "नुसती बडबड नाही चालणार. ती सगळ्यांनी पाहिलीय. या वेळी उत्तरं पाहिजेत. गायकाची खरी वाटतील अशी, पण ऐकून पोट दुखलं पाहिजे."

मी म्हणालो, "आणतो."

"कुठून?"

"आणतो म्हटलं ना."

तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं, हे मी आज प्रामाणिकपणे आठवून बघतो. घरात एक खराखुरा गायक आहे, त्याला विचारावं, एवढंच होतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मामांची उत्तरं पोट दुखवणारी असणार हे मला विचारण्याआधीच माहीत होतं.

मामांना मी सांगितलं की कॉलेजच्या कामासाठी तुमची मुलाखत पाहिजे. मामांनी हातातला कोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझी?" दुसऱ्या दिवशी तीथ नव्हती. दुपारी मी कॉलेजातून आलो तर मामा दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कॉटवर बसलेले. कॉटवर पाहुण्यांसाठी ठेवलेली चादर. ढोल भिंतीला सरकवून माझ्यासाठी खुर्ची मांडलेली. आप्पा ढोलवाला ऐकायला येऊन उंबऱ्यावर बसला होता, त्याला मामांनी बजावलं होतं की मधे बोलायचं नाही. मी वही उघडली तसे मामा तीन वेळा खाकरले.

आणि बोलायला लागले. एरवीही ते बोलघेवडे होतेच, पण त्या दुपारी ते निवडून निवडून बोलत होते, तांदूळ निवडावेत तसे. आवाज आहे हे तुम्हाला कधी कळलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, मेंढरांमुळं. मी गायलो की मेंढरं चरायची थांबायची आणि माझ्याकडं तोंड करून उभी राहायची. बापानं काठीनं हाणलं, म्हणला, जनावरं उपाशी मारतो का? तवा कळलं. तुमचा सगळ्यात मोठा चाहता कोण? केडगावची एक पांढरी घोडी. तिच्यावर कुणीही नवरदेव बसवा, मी गायलो तरच पाऊल उचलायची. म्हातारी झाली तवा मालकानं शेवटचं मला बोलावून गाऊन घेतलं. गाण्याआधी काय घेता? हुलग्याचं माडगं. मी लिहीत होतो आणि माझ्या कानात दौंडचं हसू आत्ताच वाजत होतं. प्रत्येक उत्तरानंतर मामा विचारायचे, "बरोबर सांगतोय ना? कॉलेजात चालंल असं?"

शेवटी मी विचारलं, बाईचा आवाज कसा काढता? त्यावर मामा उंबऱ्याकडे वळले. आप्पाला म्हणाले, "जरा पाणी आण रं." आप्पा आत गेल्यावर मामांनी डोळे मिटले आणि मला ते सांगितलं. त्यांचं उत्तर मी इथे लिहिणार नाही. ते त्यांच्या आईबद्दल होतं आणि ती गेली तेव्हा मामा नऊ वर्षांचे होते, एवढंच सांगतो. ते एकदा मी चारचौघांत मांडलं आहे, दुसऱ्यांदा मांडणार नाही.

मी वही मिटली तेव्हा मामा म्हणाले, "लोक मला सांगत्यात, हे गा, ते गा, जरा जोरात गा. आजवर मला कुणी काय इचारलंच न्हाई. तू पयला."

मी आज रांजणगावच्या कारखान्यांपैकी एकात माणसं भरतीच्या खात्यात आहे. राहायला कारेगावला. गेली पंचवीस वर्षं मुलाखती घेणं हाच माझा धंदा. बिहारहून आलेली, बीडहून आलेली पोरं समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसतात आणि साध्या प्रश्नाला कधी कधी अशी उत्तरं देतात की बाजूचे साहेब तोंडावर कागद धरून हसतात. मी हसत नाही. ऑफिसात मला खडूस म्हणतात. म्हणोत.

दौंडची स्पर्धा आहे हे मामांना माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांना केडगावच्या लग्नाची सुपारी होती, म्हणून मी निर्धास्त होतो. स्पर्धेचा हॉल रेल्वेच्या जवळच. गाडी आली की खिडक्या थरथरायच्या आणि नाटकातली पोरं वाक्य तोंडात धरून थांबायची. आमचा नंबर दुपारी तीननंतर लागला. मी विग चढवला, जाकीट घातलं, काळा चष्मा लावला आणि सोफ्यावर पसरलो. सुनीलने इंग्रजीत ओळख करून दिली, लंडन, न्यूयॉर्क, दोन कोटी कॅसेटी. मग मराठीत पहिला प्रश्न. मी उत्तर देण्याआधी तीन वेळा खाकरलो. पहिलं बारीक, दुसरं लांबवून, तिसरं कबुतरं उडवणारं. हॉल तिथेच फुटला.

मग मी मामाच झालो. त्यांचं ते शब्द निवडणं, मधेच कानाला हात लावणं, "बरोबर सांगतोय ना?" विचारणं. काळ्या चष्म्यातला पॉपस्टार सांगतोय की मेंढरं चरायची थांबली म्हणून बापाने काठी घातली. लोक बाकांवर थापा मारत होते. माडग्याला तर परीक्षकांपैकी एक जण डोळे पुसताना मला दिसला. अशा हसण्याची नशा असते. ज्याला ती एकदा चढली त्यालाच ती कळेल.

घोडीचं उत्तर चालू असताना मागच्या दारात मला लाल रंग दिसला. आधी वाटलं पडदा असेल. मग सोनेरी झालर दिसली, खांद्यावरच्या पट्ट्या दिसल्या. केडगावचं लग्न उरकून टेम्पो घेऊन सगळा बँड दौंडला आला होता, आणि पुढे मामा उभे होते. काखेत काहीतरी गुंडाळलेलं. चेहऱ्यावर वरातीत असतं तसं हसू. घोडीवर हॉल हसला तसे तेही हसले, जरा गोंधळून, बाजूच्या आप्पाकडे बघत.

माझ्याकडे आणखी एक उत्तर उरलं होतं.

ते मी गाळू शकलो असतो. सुनीलला मानेने खुणावलं असतं तर तो दुसरीकडे वळला असता, तेवढा तो हुशार होता. एक गाडीही त्याच वेळी आली. खिडक्या थरथरल्या, मला विचार करायला अख्खी मालगाडी जाईस्तोवर वेळ मिळाला. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. घाईत झालं, सुचलं नाही, असं मला म्हणता येत नाही. मालगाडी लांब होती. ती गेली, सुनीलने विचारलं, "टोनी सर, तुम्ही बाईच्या आवाजात कसे गाता?" आणि मी डोळे मिटले, कमरेवर हात ठेवला, एक ठुमका दिला, आणि मामांच्या आईबद्दलचं ते उत्तर शब्द न शब्द म्हणून दाखवलं.

लोक इतके हसले की शेवटची दोन वाक्यं कुणाला ऐकूच गेली नाहीत. दारातल्या दोघांना ती पाठ असणार असं मी धरून चालतो. एक मामा, आणि दुसरा आप्पा, ज्याला त्या दिवशी पाण्याला पाठवलं होतं. आतल्या खोलीपर्यंत असं कितीसं अंतर, त्याला ऐकू गेलंच असणार.

पडदा पडला. मी विग काढायच्या आत निवेदक पुन्हा बाहेर जाऊन सांगत होता की कलाकाराच्या मामांना आपल्या भाच्याचा सत्कार करायचा आहे, त्यांनी आधीच चिठ्ठी पाठवली होती. पडदा वर गेला. मामा पायऱ्या चढून आले, लाल कोट, झालर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. काखेतला तो फेटा होता. केडगावच्या मुलीकडच्यांनी गाण्यावर खूश होऊन दिलेला, मानाचा. निवेदकाने दोन शब्द बोला म्हणून माईक त्यांच्यापुढे धरला. माईक समोर आला की मामा काय करायचे ते तुम्हाला माहीतच आहे. ते तीन वेळा खाकरले.

हॉल छत उडेल असा हसला. लोकांना अस्सल माणूस सापडला होता. कुणीतरी ओरडलं, "घोडी आणली का?" मामांनी माईककडे बघितलं, मग लोकांकडे, मग माझ्याकडे. दारातून हसणारा चेहरा त्यांनी तिथपर्यंत तसाच आणला होता. तो तिथे हळूहळू मिटला, दुकानाची फळी लावावी तसा.

त्यांनी माईक परत दिला आणि फेटा उलगडला. फेटा बांधायला वेळ लागतो. पीळ घालावा लागतो, एक टोक दातात धरावं लागतं, बांधणाऱ्याचं तोंड बांधून घेणाऱ्याच्या कानाशी येतं. मी काळा चष्मा लावून, गळ्यात साखळी घालून, विग हातात धरून उभा होतो आणि मामा माझ्याभोवती फिरत होते. त्यांच्या कोटाला घाम, अत्तर आणि बुंदीचा वास होता. "मान वर," ते म्हणाले. मी वर केली. शेवटचा पीळ खोचताना ते माझ्या कानाशी, लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "घोडीचं ठीक हाय. आईचं कशाला सांगितलंस?"

मग त्यांनी तुरा सरळ केला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लोकांना नमस्कार करून उतरले. फेटा अगदी नीट बसला होता. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मी तो डोक्यावर ठेवूनच घेतलं.

बँडचा टेम्पो आवारात उभा होता. बक्षीस मिळालं तर तिथे दोन गाणी वाजवायची असं त्यांचं ठरलं होतं, हे मला नंतर मामीकडून कळलं. टेम्पो काहीच न वाजवता गेला. मी पोरांबरोबर एस.टी.ने आलो. घरी पोचलो तेव्हा मामा जेवून पाठ टेकून बसले होते. मी म्हणालो, "मामा, माझं चुकलं." ते म्हणाले, "हां. जेव." मामीने ताटात केडगावची बुंदी वाढली. मी मूठभर खाल्ली आणि बाकीची ताटात भाकरीखाली लपवली.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन दारात आलं होतं. आधी कळेना काय चुकलंय. मग कळलं. मामा पहाटे उठून नदीकडे गेले होते. खाकरायला. परीक्षा संपून मी ते घर सोडेपर्यंत ते रोज नदीकडे जात राहिले. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचे, पोराचा अभ्यास हाय, त्याची झोपमोड नको.

त्यांनी मला काही कमी केलं नाही. कॉटजवळचा दिवा माझ्याकडे सरकवला, डिग्रीचा निकाल लागला तेव्हा गल्लीत पेढे वाटले, माझ्या लग्नात तास-दीड तास गायले, दोन्ही आवाजांत. पण मी काही विचारलं की उत्तर यायचं, "बरं हाय." तब्येत कशी आहे, बरं हाय. सराई कशी गेली, बरं हाय. ज्या माणसाला एका प्रश्नाला दुपार पुरत नव्हती, तो माझ्यापुरता दोन शब्दांचा झाला. इतरांशी ते तसेच बोलघेवडे होते. मी खोलीत आलो की वाक्य संपवून टाकायचे.

मागच्या वर्षी मी पेरूची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो. आता बँड नाही, डीजे आला तसा तो गेला. आप्पाही गेला. मामा सत्तरीपार. दारात चप्पल काढली आणि आतून त्यांचा आवाज ऐकू आला, लांबच लांब, निवडून निवडून. त्यांची नात ईश्वरी सहावीत आहे. तिला शाळेतून प्रकल्प दिला होता, घरातल्या वडीलधाऱ्याची मुलाखत घ्या. मामा तिला मेंढरांचं सांगत होते. घोडीचं सांगत होते. मामी ओसरीवर सुपात हुलगे निवडत बसली होती. तिने मला पाहिलं, पण हाक मारली नाही. मीही आत गेलो नाही. गेलो असतो तर ते थांबले असते.

ईश्वरी वाचून वाचून विचारत होती. "आबा, आधी कुणी घेतली होती का तुमची मुलाखत?"

"न्हाई," मामा म्हणाले. "तूच पयली."

मामीचा हात सुपात थांबला.

"मग शेवटचा. तुम्ही बाईचा आवाज कसा काढायचात?"

आत कॉट करकरली. मग मामा खाकरले. पहिलं बारीक, दुसरं लांबवून, तिसरं. दौंडनंतर इतक्या वर्षांत त्या घरात मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

"ते व्हय," ते म्हणाले. "ते आपलं सवयीनं. त्यात काय सांगण्यासारखं न्हाई. लिही, सवय."

पोरीच्या पेन्सिलीचा आवाज दारापर्यंत येत होता. मी पेरूची पिशवी मामीजवळ ठेवली आणि अंधाऱ्या बोळात चपला शोधाव्यात तसा भर दुपारी उंबऱ्याखाली पायाने चाचपत राहिलो.